आधी आई दाखवा

महिन्याला पंचवीस हजार कमावणाऱ्या माणसानं घरात लॅब्रॅडॉर आणायचं मनात घेतलं, की त्याला दोन्हीकडून बोलणी खावी लागतात. घरचे म्हणतात, ही श्रीमंतांची थेरं आपल्याला कशाला? प्राणिमित्र म्हणतात, विकत कशाला घेतोस, रस्त्यावरचं एखादं पिल्लू उचल. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण ‘मला परवडेल असं चांगलं कुत्रं कुठे मिळेल’ हा त्याचा प्रश्न तसाच राहतो. मग तो मोबाइलवर जाहिराती बघतो, कुणाकडून तरी नंबर मिळवतो आणि एका रविवारी हायवेच्या कडेला उभ्या असलेल्या गाडीतून पिल्लू घेऊन घरी येतो. त्यानंतरचं सगळं माझ्या दवाखान्यात घडतं. मी मिरजेत जनावरांची डॉक्टर आहे. सुरुवात गाई-म्हशींपासून केली, आता निम्म्याहून जास्त काम कुत्र्यांचं आहे.

जातिवंत कुत्रं हवंसं वाटण्यात मला काही वावगं दिसत नाही. आपली गावठी कुत्री काटक असतात, हुशार असतात, आणि ज्याला नेमकी जात नको आहे त्याला मी तेच पिल्लू सुचवते. पण जात कळली की बऱ्याच गोष्टींचा आधीच अंदाज येतो. मोठं झाल्यावर ते किती उंच होईल, किती खाईल, पोरांनी कान ओढले तर सहन करेल की गुरगुरेल, अनोळखी माणसावर धावून जाईल की शेपूट हलवत पायांत येईल. दोन खोल्यांच्या घरात म्हातारी आई आणि शाळेत जाणारी मुलगी असेल, तर हा अंदाज चैनीचा नाही, गरजेचा आहे. तो फक्त लाखात कमावणाऱ्यांनीच बाळगावा, असं मला वाटत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की पैसे कुठे वाचवायचे हे ठरवून घ्यावं. जातीच्या नावात वाचवा. रंगात वाचवा. ‘हेवी बोन’, ‘पंच फेस’, ‘डबल कोट’ असले विक्रेत्यांचे शब्द कानांवर पडले की तिथे नक्की वाचवा, कारण त्यांचे पैसे वेगळे लागतात आणि कुत्र्याच्या तब्येतीशी त्यांचा संबंध नसतो. वेळ पडली तर कागदांतही वाचवा. पण पिल्लाच्या आईत वाचवू नका. जो विक्रेता आई दाखवत नाही, त्याच्याकडून पिल्लू फुकट मिळत असलं तरी घेऊ नका.

हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही, यामागे शरीरशास्त्र आहे. कुत्री गाभण राहिल्यापासून साधारण ६३ दिवसांनी विते. पहिल्या एक-दोन दिवसांत पिल्लं जो चीक पितात, त्यातून आईच्या अंगातली रोगांशी लढणारी प्रतिद्रव्यं त्यांना मिळतात. आईचं लसीकरण वेळेवर झालेलं असेल, तर ही शिदोरी पिल्लाला पुढचे काही आठवडे पुरते. आईला कधीच लस मिळाली नसेल, ती पिंजऱ्यात पडून असेल, एका वेतातून उठली की पुढच्या माजाला पुन्हा लावली जात असेल, तर चिकातून द्यायला तिच्याकडे फारसं काही उरत नाही. वर तिच्या पोटातले जंत गर्भातूनच पिल्लांकडे जातात. मग बाहेरून गुबगुबीत दिसणाऱ्या पिल्लाचं पोट जंतांनी फुगलेलं असतं, आणि घेणाऱ्याला ते बाळसं वाटतं.

अशा पिल्लाला पार्व्हो गाठतो. हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला आणि तेव्हापासून कुत्र्यांच्या पिल्लांचा सगळ्यांत मोठा वैरी राहिला आहे. तो अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत तीन ते सात दिवस जातात. हे दिवस विक्रेत्याच्या पथ्यावर पडतात. पिल्लू हातात देताना ते खेळत असतं, चाटत असतं. घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी खाणं सोडतं, पिवळी उलटी करतं आणि मग रक्ताचे जुलाब सुरू होतात. त्या जुलाबाचा वास एकदा ओळखीचा झाला की पिशवीतून पिल्लू बाहेर काढायच्या आधीच डॉक्टरला कळतं.

मागच्या उन्हाळ्यात एक रिक्षावाले काका असंच एक पिल्लू घेऊन आले. सहा हजारांना घेतलेलं, विक्रेत्याच्या शब्दांत ‘प्युअर लॅब, पन्नास दिवसांचं’. मी तोंड उघडून पाहिलं तर पुढचे दात आणि सुळे होते, मागच्या दाढा नुकत्या कुठे डोकावत होत्या. आठ आठवड्यांच्या पिल्लाच्या तोंडात दुधाचे २८ दात आलेले असतात, त्यामुळे हे पिल्लू जेमतेम महिन्याचं होतं. काकांनी माझ्यासमोर विक्रेत्याला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, “तुम्ही दूध पाजलं असेल.” हे उत्तर मी अनेकांच्या फोनवर ऐकलं आहे, जणू सगळ्यांनी एकाच ठिकाणी पाठ केलंय. दुसऱ्या दिवसापासून तो फोन लागेनासा झाला. सलाइन, उलटी थांबवायची इंजेक्शनं, प्रतिजैविकं असं सगळं चार दिवस चाललं. मी माझी फी घेतली नाही, तरी औषधांचेच पैसे पिल्लाच्या किमतीच्या जवळ पोचले. पिल्लू वाचलं नाही. काका म्हणाले, “ताई, पोरीला दुसरं आणून देतो.” त्यांना सांगावं लागलं की इतक्यात नको. हा विषाणू फरशीवर, अंगणात महिनोन् महिने तग धरतो, फिनाइलला दाद देत नाही. ब्लीचच्या पाण्यानं घर पुसून घ्यायचं, चिंधी-चादर-भांडं सगळं टाकून द्यायचं, आणि पुढचं पिल्लू आणायचं तर लसी पूर्ण झालेलं आणायचं.

स्वस्तातलं पिल्लू असं महाग पडतं. आणि हा खर्च नेमका त्याच माणसावर येतो ज्यानं तीन महिने पैसे साठवलेले असतात.

मुळात चांगलं पिल्लू पाच-सहा हजारांत का मिळू शकत नाही, हे समजून घ्यायला हवं. कुत्री पाळणारा माणूस प्रामाणिक असेल तर तिला गाभणपणात आणि पिल्लं पीत असताना नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खायला घालावं लागतं. चौथ्या आठवड्यापासून सात-आठ पिल्लांना वरचं खाणं सुरू होतं. दर पंधरवड्याला प्रत्येकाला जंताचं औषध, सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान प्रत्येकाला पहिली लस. अडलेली कुत्री असली तर रात्री-अपरात्री सिझेरियन. हे सगळं करून आठ आठवडे पिल्लं सांभाळणाऱ्याचा खर्चच पिल्लामागे काही हजारांत जातो. जो तीस दिवसांत पिल्लू विकून मोकळा होतो, त्याचा वरचं खाणं, लस, औषध असा सगळा खर्च वाचतो. किमतीतला फरक तिथून येतो. आमच्या सांगली-कोल्हापूर भागात घरगुती, नीट वाढवलेलं लॅब्रॅडॉरचं पिल्लू कागदांशिवाय बारा-पंधरा हजारांच्या खाली क्वचितच मिळतं. नामांकित ब्रीडरकडचं कागदांसह तीस-चाळीस हजारांच्या पुढे जातं. सहा हजारांत कुणी देत असेल, तर कुठे काटकसर झाली आहे हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

आई पाहायची म्हणजे नुसतं तोंड बघून यायचं नाही. विक्रेत्याच्या घरी जा. मोबाइलवरचा फोटो, व्हिडिओ चालणार नाही. ‘आई गावाकडे आहे’, ‘चावते म्हणून बांधली आहे’, ‘आत्ताच फिरायला नेली’ ही सगळी उत्तरं म्हणजे ‘नाही’. बाप दिसला नाही तर घाबरू नका, नर बहुतेक वेळा बाहेरून आणतात. पण आई पिल्लांपाशीच असली पाहिजे. ती बारीक दिसेल, केस गळलेले असतील, ते चालतं. पाजणारी आई तशीच दिसते. बघायचं ते हे, की ती माणूस पाहून पुढे येते की कॉटखाली शिरते. तिचे डोळे स्वच्छ आहेत का. उठताना मागचे पाय थरथरतात का, चालताना कमरेत डुलते का. ती किती वर्षांची, हे तिचं कितवं वेत, हे विचारा. भित्र्या आईची पिल्लं बहुधा भित्री निघतात, आणि घाबरलेलं कुत्रंच जास्त चावतं. माझ्याकडे ‘हे चावतंय, काय करू’ म्हणून येणाऱ्या कुत्र्यांमध्ये फार लवकर आईपासून तोडलेली पुष्कळ असतात. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांत पिल्लू भावंडांशी खेळताना किती जोरात चावायचं हे शिकतं. महिन्याचं असताना पोत्यात घालून आणलेल्याला हे कुणी शिकवलेलंच नसतं. मग तेच आठ महिन्यांचं झालं की घरच्यांना आवरत नाही आणि एखाद्या रात्री कुणीतरी ते कृष्णेच्या घाटावर सोडून येतं.

लसीचं कार्ड हातात घेऊन नीट वाचा. लसीच्या बाटलीवर चिकटपट्टी असते, तिच्यावर बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली असते. डॉक्टर ती पट्टी कार्डावर चिकटवतो आणि शेजारी सही, शिक्का, नोंदणी क्रमांक टाकतो. नुसत्या पेनानं लिहिलेली तारीख असेल तर लस झाली नाही असंच समजा. आणि झाली असली तरी एका लसीनं भागत नाही. आईकडून आलेली प्रतिद्रव्यं लसीलाही निकामी करत असतात, ती कधी संपतील हे पिल्लागणिक वेगळं असतं. म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत लस द्यायची असते. तिसऱ्या महिन्यात रेबीजची. हा खर्च पिल्लाच्या किमतीत धरूनच घरातून निघायचं.

कागदांविषयी लोकांचे फार गैरसमज आहेत. केनेल क्लब ऑफ इंडिया ही चेन्नईची संस्था वंशावळीची नोंद ठेवते. तिचं प्रमाणपत्र म्हणजे पिल्लाचे आई-बाप, आजे-पणजे कोण याचा दाखला. ज्याला पुढे पैदास करायची आहे किंवा शोमध्ये उतरायचं आहे त्याला तो हवाच. पण त्या कागदावर खुब्याचा एक्स-रे नसतो. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर या जातींत खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष पिढ्यान् पिढ्या चालत येतो. वर्ष-दीड वर्षाचं देखणं कुत्रं जिना चढेनासं होतं. आई-बापांचे एक्स-रे काढून मगच पैदास करणारे ब्रीडर आपल्याकडे आहेत, पण थोडे. असा कुणी भेटला तर त्याचे पाच हजार जास्त द्यावेत, ते वाया जात नाहीत. उलट, एकाच वेतातलं पिल्लू ‘पेपरसह इतके, पेपरशिवाय दहा हजार कमी’ असं कुणी सांगत असेल तर सावध व्हा. नोंदणीची फी त्या फरकापेक्षा खूप कमी असते. घरात नुसतं पाळायला कागद लागत नाहीत. घेतलेच तर मानेच्या कातडीखालची मायक्रोचिप डॉक्टरकडून स्कॅन करून घ्या आणि कागदावरच्या क्रमांकाशी ताडून बघा.

आता बजेटचा खरा प्रश्न. सगळे विचारतात, पिल्लू कितीला? मी विचारते, महिन्याला किती? पूर्ण वाढलेला लॅब्रॅडॉर २५ ते ३६ किलोंचा असतो. विकतचं कोरडं खाणं द्यायचं म्हटलं तर महिन्याला दहा-बारा किलो लागतं, म्हणजे साधारण दर्जाचं घेतलं तरी तीन-चार हजार. घरचं शिजवून घातलं, म्हणजे भात किंवा भाकरी, अंडी, कोंबडीचं स्वस्तातलं मांस, थोडा भोपळा-गाजर, तर खर्च बराच कमी होतो. माझी काही कुटुंबं वर्षानुवर्षं असं करतात आणि त्यांची कुत्री ठणठणीत आहेत. पण नुसती दूध-भाकरी घातली तर हाडं आणि स्नायू मागे पडतात. यात गोचिडांचं औषध मिळवा. आमच्या ऊसपट्ट्यात गोचीड बारमाही, आणि गोचीड तापात रक्तातल्या पेशी झपाट्यानं उतरतात. एका आजारपणात महिन्याचा किराणा जातो. सगळं धरून लॅब्रॅडॉरला महिन्याला तीन हजार बाजूला काढता येत नसतील तर ती जात घेऊ नये, मग पिल्लू कुणी भेट म्हणून दिलं तरी.

पग घेऊ नये, हे मी जरा जोरात सांगते. २००३ मध्ये एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलाच्या मागे धावणारा पग दिसला आणि घराघरांत त्याची मागणी सुरू झाली. मागणी वाढली तशी कुठल्याही मादीवर कुठलाही नर सोडून पिल्लं काढली गेली, आणि आज पग तुलनेनं स्वस्तात मिळतो. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड ठेवतं. पगचं नाकच आत दाबलेलं, नाकपुड्या चिंचोळ्या, टाळू लांब. मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या घरात ते जिभेला निळसर रंग येईपर्यंत श्वासासाठी झगडतं. लोकांना ते घोरणं गोड वाटतं. नाकपुड्या आणि टाळूची शस्त्रक्रिया करायची तर पुण्या-मुंबईला जावं लागतं, आणि तो खर्च पिल्लाच्या किमतीच्या कितीतरी पट असतो. हस्कीबद्दल वेगळं लिहायला नको. बर्फात गाड्या ओढण्यासाठी वाढवलेल्या कुत्र्याला सांगलीच्या उन्हात आणणं हा त्याचा छळ आहे.

ज्याचं घर लहान आणि हात आखडता आहे, त्याला मी आधी स्पिट्झ सुचवते. आपण ज्याला सर्रास पॉमेरेनियन म्हणतो तो पांढराशुभ्र, टोकदार कानांचा कुत्रा बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. १९९४ मधल्या ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटातला टफी याच जातीचा. इंग्रजांच्या काळापासून इथेच पैदास होत आल्यामुळे आपली हवा त्याला बऱ्यापैकी मानवते. लहान चणीचा स्पिट्झ पाच-सात किलोंचा. खातो थोडं, शिकतो पटकन, दाराशी पाऊल वाजलं की घर डोक्यावर घेतो. एकेकाळी गल्लोगल्ली दिसायचा, आता फॅशन गेली म्हणून मागे पडलाय, आणि फॅशन गेल्यामुळेच किंमतही आवाक्यात आहे. दात लवकर किडतात आणि केस रोज विंचरावे लागतात, एवढ्याची तयारी ठेवावी.

अंगण असेल, शेत असेल, तर आपली नजर दक्षिणेला वळायला हवी. मिरजेहून अथणी, जमखंडी आणि पुढे मुधोळ. घोरपड्यांचं हे जुनं संस्थान. तिथल्या राजे मालोजीरावांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या भागातल्या शिकारी कुत्र्यांची निगुतीनं जोपासना केली, म्हणून ही जात मुधोळ हाउंड या नावानं ओळखली जाते. आमच्या जत-सांगोल्याकडे तिला कारवान म्हणतात, केनेल क्लबच्या नोंदीत ती कॅरव्हान हाउंड आहे. कानांवर आणि शेपटीवर केसांचे झुपके असले तर पश्मी. २००५ मध्ये टपाल खात्यानं काढलेल्या कुत्र्यांच्या चार तिकिटांत मुधोळ होता. २०१६ मध्ये लष्करानं ही कुत्री प्रशिक्षणासाठी मेरठला नेली. २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये तिचं नाव घेतलं. मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. तिथे या जातीची शास्त्रशुद्ध पैदास होते आणि पिल्लं शेतकऱ्यांना दिली जातात. एवढ्या जवळ असं केंद्र असताना आमच्या भागातला माणूस अनोळखी गाडीतून लॅब्रॅडॉर का घेतो, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

पण मुधोळही सगळ्यांसाठी नाही, हे सांगितलंच पाहिजे. वीस-पंचवीस किलोंचा, सडपातळ, लांब पायांचा कुत्रा. केस आखूड, ऊन सोसतो, लॅब्रॅडॉरपेक्षा कमी खातो, सांध्यांचे आजार क्वचित. मात्र त्याला रोज मोकळं धावायला लागतं. फ्लॅटमध्ये तो कुढतो. समोरून मांजर किंवा कोंबडी पळाली तर तुमची हाक त्याच्या कानांत शिरत नाही. चेंडू आणून द्यायचे खेळ त्याला आवडत नाहीत, आणि अंगावर ओरडलं की दिवसभर लांब राहतो. भूल देताना आम्हालाही जपावं लागतं, कारण अंगावर चरबी नसलेल्या या कुत्र्यांत काही औषधं उतरायला वेळ घेतात. शिवाय शर्यतीसाठी ग्रेहाउंडशी संकर केलेली कुत्री आता कारवान म्हणून विकली जातात. इथेही उपाय तोच. धनगरवाड्यावर जा, आई बघा, तिच्या जोडीनं वाढलेली आधीच्या वेतातली कुत्री बघा. धनगर काका लपवत नाहीत, त्यांचं सगळं उघड्यावर असतं.

आणखी एक वाट आहे, तिच्याकडे कमी लोक वळतात. पिल्लूच हवं हा हट्ट सोडा. चांगले ब्रीडर वेतातलं एखादं पिल्लू शोसाठी ठेवून घेतात. सहा-आठ महिन्यांनी लक्षात येतं की वरचे-खालचे दात नीट जुळत नाहीत, उंची एखाद्या इंचानं जास्त झाली, किंवा नराची एक गोळी खाली उतरलीच नाही. शोच्या दृष्टीनं ते कुत्रं बाद झालं. घराच्या दृष्टीनं त्यात काही खोट नसते. गोळी उतरली नसेल तर एक शस्त्रक्रिया, तीही नसबंदीबरोबर होऊन जाते. असं कुत्रं पिल्लाच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतं. त्याच्या लसी झालेल्या असतात, पार्व्होचं वय उलटलेलं असतं, स्वभाव समोर दिसत असतो. पैदाशीतून बाजूला काढलेल्या पाच-सहा वर्षांच्या माद्याही अनेक ब्रीडर चांगलं घर बघून देतात. लष्कराच्या मेरठच्या केंद्रातून निवृत्त झालेली कुत्रीही दत्तक दिली जातात. आणि पुण्या-मुंबईच्या निवाऱ्यांत मालकांनी सोडून दिलेले लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड किती आहेत ते एकदा जाऊन पाहा. लोकांना भीती वाटते की मोठं कुत्रं लळा लावणार नाही. माझा अनुभव उलटा आहे. दोन-तीन आठवडे गोंधळलेलं असतं, मग ते तुमचंच होतं.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की सगळी जबाबदारी घेणाऱ्याचीच. तसं नाही. आपल्याकडे कुत्र्यांची पैदास आणि विक्रीचे नियम २०१७ पासून लागू आहेत. प्रत्येक ब्रीडरनं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. दीड वर्षाच्या आतल्या आणि आठ वर्षांवरच्या मादीपासून पिल्लं घ्यायची नाहीत, तिच्या आयुष्यात पाचाहून जास्त वेतं नाहीत. पिल्लाला मायक्रोचिप आणि लस हवी. सहा महिन्यांवरचं कुत्रं घरी पाळणाऱ्याला देताना त्याची नसबंदी झालेली असावी. हे नियम चांगले आहेत, त्यात मला काही बदल नको आहे. पण मोडणाऱ्याचं फारतर काय होतं? नोंदणी रद्द. ज्यानं नोंदणी केलेलीच नाही त्याला त्याचं काय? मूळ प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा, त्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड आजही दहा ते पन्नास रुपये. जो माणूस महिन्याच्या पिल्लाचे सहा हजार घेतो त्याला या रकमेचा धाक कसा बसेल? हा दंड वाढवण्याची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. ती संपवून कायदा दुरुस्त करायला हवा.

तोपर्यंत दोन गोष्टी कायदा न बदलता होऊ शकतात. पहिली वर्तमानपत्रांनी आणि जाहिरातींच्या ॲप्सनी करायची. पिल्लांच्या विक्रीची कुठलीही जाहिरात ब्रीडरच्या नोंदणी क्रमांकाशिवाय स्वीकारू नये. क्रमांक नसलेला माणूस कायद्यानं विक्री करूच शकत नाही, मग त्याची जाहिरात का छापायची? हे मी याच वर्तमानपत्राला उद्देशूनही लिहिते आहे.

दुसरी शासनानं. प्रत्येक जिल्ह्यात पशुसंवर्धन उपायुक्तांचं कार्यालय आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची प्राणी क्लेश प्रतिबंधक संस्था आहे. जिल्ह्यातल्या नोंदणीकृत ब्रीडरांची यादी, त्यांच्याकडच्या जाती, पत्ते आणि फोन मराठीत छापून प्रत्येक सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या दारावर लावावी आणि दर सहा महिन्यांनी नवी करावी. ज्यांची नावं यादीत आहेत त्यांच्या घरी वर्षातून एकदा तरी सरकारी डॉक्टरनं जावं, माद्या मोजाव्यात, कार्डं तपासावीत. यादीत नसलेला कुणी पिल्लं विकताना दिसला तर तक्रार कुठे करायची, त्या माणसाचं नाव आणि नंबर त्याच कागदाच्या तळाशी असावा.